चंद्रावरची शिफ्ट

हसा तुम्ही, पण चांद्रमोहिमेचे टप्पे मी आता फळ्यावरच शिकवतो, राव. मोशीच्या शाळेत एकदा मैदानावर शिकवले होते. एक पोरगी रॉकेट झाली, एक ऑर्बिटर. सातवीतली सानिका झाली लँडर. तिला मैदानाच्या पार टोकाला, फक्कीनं आखलेल्या गोलात बसवलं आणि म्हटलं, "हा चंद्र. तू उतरलीस. रात्र झाली की लँडर तिथंच गप्प होतो."

घंटा झाली. सगळी पोरं वर्गात पळाली, सानिका मात्र जागची हलेना.

"अगं, चल की."

"पुढच्या शिफ्टचा रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नसते, सर. पप्पांच्या कंपनीत तसंच असतं."

"चंद्रावर कुठला रिलीव्हर? बस मग," म्हणत मी वर्गात गेलो.

थोड्या वेळानं ती मुकाट्यानं येऊन बाकावर बसली.

"आला का रिलीव्हर?" मी गमतीनं विचारलं.

"हो, सर."

मी हजेरी घेतली. सगळी पोरं वर्गातच होती. मैदानही रिकामं होतं. तरी का कोण जाणे, तिकडची खिडकी मी लावून घेतली.

शाळा सुटताना सानिका टेबलापाशी आली आणि हळूच म्हणाली, "सर, आता त्याच्या जागी कोण जाणार?"