शुक्रवारच्या निरोगी बायका

बायकोचा ‘सर्व ठीक’ लिहिलेला रिपोर्ट मांडीवर घेऊन आजोबा तपासणी विभागाबाहेर बसले होते. शेजारी स्तनांचे एक्स-रे काढणाऱ्या ताई आणि आकडे तपासायला आलेली मुलगी चहा पीत होत्या.

“ताई, तीन वर्षांचे रिपोर्ट लावून पाहिले. शुक्रवारी दुपारनंतर एकाही बाईला गाठ निघालेली नाही.”

“अगं, शुक्रवारी कॅन्सरही लवकर घरी जातो.”

“आणि सोमवारी?”

“सोमवारी ताजातवाना होऊन येतो. मोठ्या डॉक्टरांसारखाच.”

“शुक्रवारी ते एक एक्स-रे किती वेळ बघतात?”

“गाडीची किल्ली हातात धरून जितका वेळ बघता येईल, तितका.”

“मी त्यांना आकडे दाखवले. म्हणाले, आधी तुझा कॉम्प्युटर तपासून घे.”

“शुक्रवारी त्यांच्याकडूनच घे. ठणठणीत निघेल.”

आजोबांनी चष्मा पुसून रिपोर्टावरचा वार वाचला, पुन्हा वाचला. मग संकोचत उठले.

“माफ करा हं, मधेच बोलतोय. आमच्या हिच्या छातीत हाताला गाठ लागते, आणि रिपोर्टात काहीच नाही. शुक्रवारचा आहे. पावणेपाचचा.”

ताईंनी चहा तसाच खाली ठेवला.

“आणा इकडे, आजोबा. आज मंगळवार आहे.”