रासन्यांच्या टाळांचं ऑनलाइन दुकान

मंडळी, नाम घेऊन झालं, आता जरा सैल बसा आणि मला एक सांगा. सोय वाढली की माणूस माणसाच्या जवळ येतो, की लांब जातो? एवढ्यात माना हलवू नका. आधी ऐका.

खडकेश्वराच्या देवळाखाली पेठ होती. आता ओस आहे, पण जुन्यांना आठवत असेल — चढ सुरू झाला की आधी फुलांचा वास, मग बत्ताशांचा, आणि मग कानावर यायचा टाळांचा आवाज. ते गोवर्धनशेठ रासन्यांचं दुकान. जातीचे कासार. टाळ विकायची त्यांची तऱ्हाच न्यारी. "आधी बसा. मंडळात गातं कोण? आवाज चढा की खालचा?" मग एकेक जोडी वाजवायची, गिऱ्हाइकानं डोळे मिटून ऐकायची. एका जोडीपायी सकाळची दुपार व्हायची. आमच्या टाळकरीबुवांकडे बघू नका. त्यांचे टाळ तिथलेच आहेत, दोष हाताचा आहे.

गोवर्धनशेठ गेले. पुढे डोंगरामागून नवा रस्ता झाला, गाड्या थेट देवळाच्या दारात. पेठेतून चालणार कोण? एकेक दुकान मिटलं. उरलं रासन्यांचं, आणि त्यात शेठांच्या मागे त्यांच्या पत्नी इंदूवहिनी, एकट्या. रोज सकाळी टाळ चिंचेनं घासायच्या, लख्ख करायच्या, परत कपाटात ठेवायच्या. कुणासाठी, ते विचारू नका.

लेक रेवती पुण्याला नोकरीला. दिवाळीत आली आणि म्हणाली, "आई, आता एकतर दुकान बंद करू, नाहीतर ऑनलाइन नेऊ."

'बंद' हा शब्द वहिनींना सोसवला नाही. "ने," म्हणाल्या.

ऑनलाइन दुकान म्हणजे काय? फोटो बघायचा, हवं ते टोपलीत टाकायचं, पैसे भरायचे, माल घरी. ती टोपली सांभाळणारं एक सॉफ्टवेअर असतं, आणि ते निवडावं लागतं. स्थळं यावीत तशी सॉफ्टवेअरं आली! शेवटी दोन उरली. एक साधं. त्यात प्रत्येक वस्तूला आवाज जोडता यायचा, गिऱ्हाइकाला दुकानदाराशी बोलता यायचं, पण बरंचसं काम हातानं. दुसरं झगमगीत. त्याचा विक्रेता फोनवर म्हणाला, "काकू, सगळं आपोआप. गिऱ्हाइकाशी एक शब्द बोलावा लागणार नाही. शिवाय मालाखाली लिहून येतं — फक्त दोनच शिल्लक."

"पण कपाट भरलंय की."

"तसं लिहिलं की लोक घाई करतात, काकू."

वहिनी रेवतीकडे बघत राहिल्या. रेवती म्हणाली, "आई, बाबांसारखं बसवून घ्यायला आता कुणाला वेळ आहे?"

लेकीचं मन मोडवेना. झगमगीत घेतलं. आणि विक्री झाली हो — खोटं कशाला सांगू? पार्सलं जाऊ लागली. पण टाळ कुणाच्या हातात पडले, कोण कुठे गातंय, वहिनींना काही कळेना. माल जात होता आणि दुकान गप्प होतं. दुपारी त्या कपाटापुढे बसायच्या आणि उगाच एखादी जोडी वाजवून बघायच्या.

एका रविवारी, रेवती आलेली असताना, फोन वाजला. निपाणीकडचे सिदगोंडा अण्णा, शेठांचं जुनं गिऱ्हाईक. म्हातारा आवाज.

"वैनी, सूनबाईनं तुमचे टाळ मागवले. चांगलेच हाईत, पर लई चढे लागत्यात. आमचं भजन खालच्या आवाजातलं. फोटोवरनं कसं कळायचं? मला तर आता दिसतंय बी अंधुक. शेठ हुते तवा वाजवून द्यायचे."

वहिनींनी फोन फळीवर ठेवला. कपाट उघडलं. "ऐका अण्णा. ही?"

"न्हाई. जरा खाली."

"ही?"

"जवळ आलाय."

अशा किती जोड्या वाजल्या कोण जाणे. शेवटी एक खोल, गोल आवाज घुमला आणि हळूहळू विरला. मग अण्णा हळूच म्हणाले, "हीच. शेठनी दिल्ती ती अशीच बोलायची."

वहिनींचा हात तसाच उचललेला राहिला. रेवती दारात उभी होती. म्हणाली, "आई, बाबा असेच बसायचे ना?"

"असेच. आणि तू या आवाजात गल्ल्याशेजारी झोपायचीस. आवाज थांबला की जागी व्हायचीस."

रेवती आत आली, आईशेजारी बसली. संध्याकाळी तिनं स्वतःच ते झगमगीत सॉफ्टवेअर काढलं आणि साधं घेतलं. मायलेकींनी एकेक जोडी वाजवून तिचा आवाज त्यात भरला. विक्री आधी उतरली, पुढे थोडी सावरली, पहिल्याइतकी झाली नाही. पण आता वहिनी फोनवर असतात. कुणाचा मुलगा गायला लागला, कुणाचा मृदंगवाला गेला, सगळं त्यांना ठाऊक असतं.

मंडळी, सोय दोन्हींकडे होती. एक म्हणालं, बोलावं लागणार नाही. दुसरं म्हणालं, बोलता येईल. आपण घरात कोणतं घेतलंय? आई विचारते, जेवलास का? आपण मोबाइलवर अंगठा पाठवतो. मित्र लिहितो, बाप आजारी आहे. आपण जोडलेले हात पाठवतो. कसं सगळं आपोआप!

आज घरी गेलात की एकाला तरी फोन लावा, आणि त्याचं बोलून होईपर्यंत ठेवू नका. देवाला हाक मारायची ती मग मारा. तो थांबेल.