सून फलाटावर उभी

...अहो, पण वाचू द्यायचं सोडून माणसांनी बोलायचं तरी किती! तुम्हाला सांगतो, आमच्या हिला हल्ली कमी दिसतं. म्हणून ग्रंथालयातून मासिक आणायचं आणि तिला गोष्ट वाचून दाखवायची. मी वाचतो अडखळत, शाळा फारशी झालीच नाही... पण ही म्हणते, "असू दे हो, तुमच्या वाचण्यात गोष्ट जास्त वेळ पुरते."

तर मागच्या अंकात सून घर सोडून निघाली, ट्रंक घेऊन फलाटावर उभी, लांबून गाडीची शिट्टी... आणि खाली 'क्रमशः'! आणि नेमकं तेव्हापासून मासिक कागदावर येणं बंद! आता म्हणे कॉम्प्युटरवर वाचा, तेही ग्रंथालयातच. इकडं ही रोज विचारते, "तिचं काय झालं असेल हो?" घास उतरेना बिचारीला.

मग हात धरून हिलाच नेली तिथं. खुर्ची एकच, तिच्यावर हिला बसवली, मी मागं उभा. "गाडी जवळ आली," एवढं वाचतोय तोवर ग्रंथपालबाई धावत आल्या! "आजोबा, थांबा! या मासिकाचं लायसन एका वेळी एकाच वाचकाचं आहे!"

"अहो बाई, वाचतोय मी एकटाच. ही नुसती ऐकतेय."

"ऐकणारा वाचक धरायचा का, ते मीटिंगमध्ये ठरेल!"

झाली की हो मीटिंग! आम्हालाही बसवलं कोपऱ्यात. मोठे साहेब म्हणाले, "मुळात वापरकर्ता म्हणजे कोण?" शेजारचे टाय लावलेले म्हणाले, "डोळ्यांनी वापरणारा की कानांनी?" लायसन देणाऱ्या कंपनीचा माणूस फोनवरून ओरडतोय, "दोन कान म्हणजे दोन वाचक नव्हेत ना?" चहा आला, चहा गेला... आणि तिकडं सून फलाटावर उभीच!

शेवटी ही उठली. म्हणाली, "साहेब, मला वाचक धरा. आणि यांना चष्मा समजा!"

मग साहेबांनी टेबलावर थाप मारली. ठरलं! ही वाचक, आणि मी 'वाचनास साहाय्यक साधन'! तसा बिल्लाच दिलाय मला, हा बघा. ही म्हणते, "इतक्या वर्षांनी तुमचा काहीतरी उपयोग कागदावर आला!"

मग वाचलं एकदाचं. गाडी आली, थांबली, सुनेनं पाऊल उचललं... आणि 'क्रमशः'!

आता काय! पुढचा अंक येईपर्यंत सून फलाटावर, ही खुर्चीवर... आणि साधन आपलं उभंच!