मिसबिलीफ

न्यू ऑर्लिन्सच्या वाचनालयात झाडं ओळखून देणाऱ्या तरुणासमोर रांग लागली होती. टोमॅटोचं किडकं पान घेऊन उभ्या असलेल्या डेल्फीनला पुढच्या म्हातारीचं बोलणं ऐकू येत होतं.

“बाळा, परसातल्या या पिवळ्या फळाचं खरं नाव सांग. आमचे हे, लूशन, याला ‘मिसबिलीफ’ म्हणायचे.”

“हे लोकाट, मावशी. पण इथले जुने लोक तसंच म्हणतात.”

“म्हणजे देवावरचा अविश्वासच ना? असलं नाव फळाला?”

“अविश्वासाशी काही संबंध नाही. कुठलंसं परकं नाव, बोलता बोलता तसं झालं.”

“अरे देवा! मी इथली नव्हे, मिसिसिपीची, पाद्र्याची लेक. बाबा गाऊन प्रवचन करायचे, अख्खं चर्च डोलायचं. असल्या नावाचं फळ मी तोंडात घालीन? उभ्या संसारात शिवले नाही.”

“आणि काका?”

“दर वसंतात झाडाखालून हाक मारायचे, ‘एक तरी खा गं, अर्नेस्टीन!’ मी खिडकीतूनच म्हणायचे, ‘नरकात तुम्ही एकटेच जा!’ गेल्या नाताळात देवाघरी गेले. एकटेच.”

“गोड असतं, मावशी. सोलून देऊ?”

“इथे नको रे. झाडाखाली जाऊन खाते. फार ताटकळत ठेवलंय त्यांना.”