मानाचं पयलं नाव

...अन् तुमी मलेच हासता? हासा! पर मेकचा दोष नाई, तुमाले सांगतो! कम्प्युटरमधलं मेक म्हंजे सांगकाम्या. मेकफाइलीत नियम लिवून द्या, ते तसंच करते. मोठ्या प्रोग्रामले आधी शिजवून मशीनच्या भाषेत आना लागते, स्क्रिप्ट म्हंजे लहानसा प्रोग्राम, तिले नाई... नुसती कापी काढाची, चालवाची परवानगी द्याची, झालं! पर मी का गप बसनारा आहो? मी त्या नियमालेच फोडणी देली!

आता आमचं नागभीडजवळचं गाव मासोळीवाल्याचं. धानाले पानी द्याले तलावाचं गेट उघडलं का नहरातले जाळे गेलेच वाहून! म्हनून घरोघरी मोबाइलवर निरोप धाडाची स्क्रिप्ट लिवली. मूळ फाइल एकच, नावाची जागा रिकामी. माहा नियम यादीतलं एकेक नाव तिथी भरते, चाळीस घराच्या चाळीस स्क्रिप्टा तयार! आहे का नाई गंमत? अन् माह्या बायकोचं, कुंताचं, उन्हाळाभर विनलेलं नवंकोरं जाळं नहरातच होतं, मले किती घाई असन!

तितक्यात आले सोसायटीचे अध्यक्ष गुणवंतभाऊ. "काऊन बे, पयलं नाव कोनाचं? मानाचं पयलं असते!" मोठ्या मानसाले नाई कसं म्हनाचं? मूळ फाइलीतल्या रिकाम्या जागी हातानंच भाऊचं नाव लिवलं, निरोप झाला, 'गुणवंतभाऊ, सात वाजता गेट उघडते, जाळं काढून घ्या.' भाऊ खूश होऊन पोरीच्या सासरी कुरखेड्याले गेले, मी चालवलं मेक! आता जागाच रिकामी नाई तं नियम भरन काय? चाळीसही कापीत भाऊचंच नाव... अन् एका शब्दाची तक्रार नाई! मेकचा दोष नाई बरं!

सकाळी सहाले निरोप गेले. मी इथी नाचून राह्यलो, "चाळीस गेले! चाळीस!" अन् तिथी ठमाबाई बोंबलते, "चला गा, भाऊ गावात नाई, त्याइचं जाळं वाहून जाते!" लटारू बिनशर्टाचा धावला, कुंता पदर खोचून धावली, अख्खं गाव एका जाळ्याले भिडलं! म्हनान, आपापलं काऊन नाई काढलं? अरे, निरोप भाऊले आला, म्हंजे मानाचं पयलं! आपला निरोप मागून येईन, आपला नंबर मागून!

सात वाजले. गेट उघडलं. एकोनचाळीस जाळे गेले... कुंताचंही गेलं. लई वाईट वाटलं हो मले! ते काठावर बसून रडली, मंग माह्याकडे पाह्यलं... अन् मेकचा दोष नाई, हे तिले पटवाची हिंमत नाई झाली.

संध्याकाळी भाऊ आले, आपलं कोरडं जाळं पाह्यलं अन् माह्या पाठीवर थाप! "झकास बनवला बे! आता याच्यात काई बदल करू नको!"

नाई करत, भाऊ. मी आता जाळं विनून राह्यलो. कुंता बाजूले बसून नियम सांगते, अन् तिच्या नियमाले फोडणी द्याची आपली छाती नाई!