सीटमागचा कॅन

— एवढीशी बाटली? नाही साहेब, ठेवा ती परत, तेवढीच घेऊन मी तुम्हाला जाऊ देणार नाही. इथून ओर्लीनच्या खानावळीपर्यंत सत्तर मैल — ना दुकान, ना झाड, ना फोनला रेंज — आणि पारा एकशे चौदा फॅरनहाइटवर. तुम्हाला वाटत असेल, म्हातारा माल खपवतोय. खपवतोच, एकतीस वर्षं खपवतोय, पण पाण्याच्या बाबतीत खोटं बोलत नाही. तहान लागल्यावर पिऊ म्हणता? तहान उशिरा येते हो, तोवर डोकं ठणकायला लागलेलं असतं. दर दहा मिनिटांनी दोन घोट, हवे असोत नसोत. हे खारे शेंगदाणेही घ्या, घामाबरोबर मीठ जातं. मागच्या उन्हाळ्यात ओहायोचा एक मास्तर आला होता, सहा बाटल्या नेल्या आणि सहाही डिकीत बर्फात जपून ठेवल्या — संध्याकाळी लागतील म्हणून. रस्त्याकडेला बेशुद्ध सापडला तेव्हा एकीचंही बूच उघडलेलं नव्हतं. वाचला, पण काय उपयोग त्या जपण्याचा? पाणी पोटात ठेवायचं, डिकीत नाही.

आणि गाडी बंद पडली तर गाडी सोडायची नाही. सावलीच्या बाजूला बसायचं. चालत निघाला तो संपला. विल्मा — माझी बायको — तिला हे माझ्याहून जास्त कळतं, ती इथलीच, ती नाही चालायची. — नाही, घरात नाही ती. दर गुरुवारी ओर्लीनकडे केक पोचवते, दहाला निघाली. सव्वा तासाचा रस्ता. — दीड वाजलाय, दिसतंय मला घड्याळ. ओर्लीनला चारदा फोन केला, चारही वेळा तेच, विल्मा अजून पोचली नाही. शेरिफचा माणूस निघालाय, पण डोंगरापलीकडून, त्याला दोन तास लागतील. मी जाऊ? कशानं? एकच गाडी, ती हिरवी, तीच तिनं नेलीय. दुसरी असती तर तुमच्याशी बडबडत बसलो असतो का?

तशी काळजी नाही. पाणी आहे तिच्याकडे. सीटमागे दोन गॅलनचा कॅन कायम भरलेला — ती वळून बघतसुद्धा नाही, मी भरतो म्हणजे असणारच, हात मागे नेला की कॅन —

काय बघताय? हा, काउंटरखालचा? हा... सकाळी एकाचं इंजिन तापलं होतं, म्हणून मीच काढला. ओतला, पुन्हा भरला, इथं टेकवला, आता नेऊन ठेवतो म्हटलं — तेवढ्यात एक बाई दुधाची तारीख विचारायला आली, आणि बाहेर हॉर्न वाजला. मी हात हलवला. कॅन पायाशी होता साहेब, आणि मी हात हलवला तिला.

उचला तो. पैसे ठेवा खिशात. उजव्या कडेला बघत जा, हिरवी गाडी, मागचा दिवा फुटलेला. भसाभसा पाजू नका, घोट-घोट. कॅन कुठं राहिला होता ते सांगू नका तिला — नाही, सांगा. सांगाच. चिडली तर बरंच, चिडायला अंगात ताकद लागते. आणि वाटेत तुम्हीही पीत जा, मी सांगितलं तसं, नाहीतर —

उभे काय राहिलात? मी बोलतोय म्हणून? हा बघा, गप्प बसलो. निघा.