आंघोळीचं कार्ड

...आणि वर पोरं मलाच म्हणतात, "सर, मधे बोलू नका, नियम आहे!" आता बोला! तुम्हाला सांगतो, नियम माझाच होता!

तिसरीचा वर्ग, मी अजून तात्पुरता, मोठ्या बाई मागच्या बाकावर बसून तास बघणार, आवडला तर कायम, नाहीतर नारळ! म्हणून म्हटलं, पोरांना मिळून काहीतरी करायला देऊ... उठल्यापासून शाळेत येईपर्यंतची कामं, एकेक कार्ड एकेकाच्या हातात, आपापसांत बोलून क्रमाने रांग लावायची, सरांनी तोंड उघडायचं नाही आणि सगळ्यांचं एकमत होईपर्यंत कुणी बसायचं नाही. बायको म्हणालीही, "अहो, आपल्याकडे दोघांचं होत नाही!" पण ऐकतो कोण?

त्यात नेमका एकजण गैरहजर! उरलं त्याचं कार्ड... आंघोळ. घेतलं हातात, राहिलो उभा, तिथेच फसलो!

न्याहारीवाली मला मागे ढकलते, "आमच्याकडे आधी खातात!" दप्तरवाला पुढे ओढतो, "माझी आई आधी आंघोळ घालते, मग उठवते!" अरे, झोपेत? पण विचारणार कसं? नियम माझाच होता! मधल्या सुट्टीची घंटा झाली, बाहेर सगळी शाळा हुंदडतेय, आम्ही आपले उभे, मोठ्या बाई घड्याळ बघतायत, मी डोळ्यांनी विनवतोय, लेकरांनो, नोकरी जाईल रे माझी! शेवटी दात घासणारी, एवढीशी चिमुरडी, कमरेवर हात ठेवून म्हणते, "भांडण आंघोळीमुळेच होतंय. आंघोळच नको!" आणि अख्खा वर्ग एका सुरात... "नको!" झालं एकमत! मला हाताला धरून दाराबाहेर नेऊन ठेवलं आणि बसली की हो कार्टी जागेवर!

मी बाहेर घामाघूम. म्हटलं, संपलं. तर मोठ्या बाई आल्या चष्मा पुसत, "सर, एवढं एकमत मी शिक्षकांच्या बैठकीत कधी पाहिलं नाही! कायम केलं तुम्हाला!" हुश्श... जीव भांड्यात पडतोय तोच, "शनिवारी पालकसभेत हेच करून दाखवा."

पालकसभेत! अहो, त्या दिवसापासून एकाही पोराने अंगावर पाणी घेतलेलं नाही! घरी सांगतात, "सरांच्या तासाला ठरलंय!" आणि ते सगळे आईबाप समोर बसणार, मी मधोमध, हातात आंघोळ! म्हटलं, बाळांनो, निदान माझं कार्ड तरी बदला... तर म्हणतात, "सगळ्यांचं एकमत झालं तरच, सर."

नियम माझाच होता.